इंग्रजी ‘-इंग’ आणि मराठी ‘-त’: एका समीकरणाची चिकित्सा

इंग्रजीचा ‘-इंग’ म्हणजे मराठीचा ‘-त’, हे भाषांतरवर्गातील समीकरण ‘ही इज रीडिंग’ म्हणजे ‘तो वाचत आहे’ येथपर्यंत निर्वेध चालते. परंतु ‘ही इज सिटिंग’ याचे स्वाभाविक मराठी ‘तो बसला आहे’ असे होते. ‘बसत आहे’ म्हटल्यास मनुष्य अजून अर्धवट उभाच राहतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात प्रश्न अधिक रोचक होतो. फाळणीनंतर कल्याणनजीकच्या लष्करी छावण्यांत वसलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वस्तीची भाषा सिंधी. तीत वर्तमान धातुसाधितच भविष्यकाळ घडविते: ‘हू ईंदो’ म्हणजे ‘तो येईल’. एर्न्स्ट ट्रुम्प यांच्या १८७२ च्या सिंधी व्याकरणात ही घडण आलेली आहे. संस्कृत ‘-अन्त्’चाच वारसा मराठीच्या ‘येतो’त आहे; आणि ‘उद्या येतो’ म्हणताना मराठीही भविष्यच सांगते. अशा वर्गात ‘ही इज कमिंग टुमॉरो’ हा अपवाद म्हणून पाठ करून घेणे हा निव्वळ अध्यापकीय आळस होय. खरी अडचण ‘सिटिंग’चीच, कारण सिंधीही तेथे मराठीप्रमाणे ‘वेठो आहे’ असे भूत धातुसाधितच योजते. तिचा उलगडा काळाच्या नव्हे, क्रियाव्याप्तीच्या प्रकरणात करावयास हवा.