पात्रांनी कधी गप्प बसावं?

दिवसभर हॉर्न, लाऊडस्पीकर आणि शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिल मशीन ऐकून विटलेला माणूस रात्री हेडफोन लावतो, गेम सुरू करतो आणि तिथेही कुणीतरी अखंड बोलत असतं. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या बजेटच्या व्हिडिओ गेमच्या लेखनाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. 'हॉरायझन फॉरबिडन वेस्ट' (२०२२) या गेमची नायिका एलॉय डोळ्यांना दिसणारी गोष्ट पुन्हा तोंडाने सांगते. जास्तीचं सामान साठ्यात गेल्याचं ती इतक्यांदा बोलून दाखवायची, की शेवटी अपडेट काढून तिचं बोलणं कमी करावं लागलं. त्याच वर्षीच्या 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक'मध्ये कोडं समोर आलं, की आपण जरा इकडेतिकडे पाहतो न पाहतो तोच सोबतचं पात्र उत्तर सुचवून मोकळं होतं. २०२४ साली पीसीवर आलेल्या आवृत्तीत या सूचना कमी करण्याची सोय द्यावी लागली.

हे लेखक अडाणी नाहीत. दोन्ही गेममध्ये सुरेख लिहिलेले प्रसंग आहेत. पण अडकलेला खेळाडू कंटाळून गेम सोडून देईल, ही धास्ती निर्मात्यांच्या मनात कायम असते, आणि तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आणखी चार वाक्यं. शिवाय लेखकाला पुष्कळदा उशिरा बोलावतात. जागा, मारामाऱ्या, कोडी आधीच ठरलेली असतात, त्याने मधल्या फटी बुजवायच्या. अशा बुजवलेल्या फटींतून गोंगाट तयार होतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'अनपॅकिंग' (२०२१) आहे. ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या छोट्या स्टुडिओने केलेल्या या गेममध्ये संवाद जवळजवळ नाहीतच. १९९७ ते २०१८ या काळात एक मुलगी घरं बदलत जाते आणि आपण तिची खोकी उघडून सामान लावतो, एवढाच खेळ. २०१० साली ती प्रियकराच्या फ्लॅटवर राहायला येते. भिंती त्याच्या वस्तूंनी भरलेल्या. तिची फ्रेम केलेली पदवी हातात येते आणि ती लावायला जागाच सापडत नाही. इथे ठेवून बघा, तिथे ठेवून बघा, गेम भोवती लाल रेघ काढून नकार देतो. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. हे नातं टिकणार नाही, हे आपल्याला एका शब्दाविना कळतं, आणि ती पदवी आपल्याच हाताने लपवलेली असल्यामुळे ते जास्त लागतं. कप लाकडावर ठेवला तर एक आवाज, फरशीवर ठेवला तर दुसरा. असे चौदा हजारांहून अधिक आवाज या शांत गेममध्ये आहेत. २०२२ साली 'बाफ्टा'ने कथनाचा पुरस्कार याच गेमला दिला. तो निर्णय मला अतिशय योग्य वाटतो.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'मध्ये (२०१७) मासळीच्या कारखान्यातला एक प्रसंग आहे. एका हाताने मासा पात्याखाली सरकवून मुंडकं उडवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने कामगाराच्या कल्पनेतल्या राजपुत्राला चालवायचं. हळूहळू ते काल्पनिक राज्य पडदा व्यापत जातं, तरी मासे कापणारा हात थांबत नाही. इथे निवेदन आहे, भरपूर आहे. पण दोन्ही हातांची ती फारकत निवेदनाला सांगावी लागत नाही. कादंबरीला किंवा सिनेमाला हे असं साधणार नाही.

म्हणजे शब्द कमी केले की लेखन आपोआप सुधारतं, असंही नाही. 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. दारूपायी स्मृती गमावलेल्या पोलिसाच्या डोक्यात चोवीस गुण चोवीस आवाजांत भांडतात. त्यांतल्या एकातून तर वारा-पावसासकट सगळं रेवाशोल शहर त्याच्याशी बोलतं. तरीही कान किटत नाहीत. मजकूर पडद्याच्या कडेला अरुंद पट्टीत, दोन-चार वाक्यांच्या तुकड्यांनी येतो आणि पुढचा तुकडा आपण मागितल्यावरच येतो. शिवाय शेजारी किम कित्सुरागी आहे: वहीत नोंद करणारा, मोजकं बोलणारा, नको तिथे नुसता बघणारा सहकारी. एवढ्या बडबडीला त्याचा संयम तोलून धरतो. या गेमचा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ आणि त्याचे काही सहकारी स्टुडिओबाहेर पडल्याचं २०२२ साली उघड झालं, तेही स्वखुशीने नव्हे. या कलेत इतकं मोठं काम करूनही लेखकाचं स्थान किती कच्चं आहे, ते यावरून दिसतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' (२०२०) मी मोठ्या आशेने खेळलो. हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारे रंग, भव्य वास्तू, डोळ्यांना मेजवानीच. पण दुर्गा आणि विष्णू वरून बोलत राहतात. राजी काय करते आहे, तिला काय वाटत असेल, हेही सांगतात. ती एकटी आहे, घाबरलेली आहे, हे तिच्या धावण्यात आणि त्या ओसाड प्रांगणांत आधीच उतरलेलं असतं. अशा दोन-तीन जागी देव गप्प राहिले असते, तर राजीचं भय थेट माझ्यापर्यंत पोचलं असतं. ज्यांनी चित्रात एवढी जाण दाखवली, त्यांच्या पुढच्या गेममध्ये लेखक पहिल्या दिवसापासून चित्रकाराच्या शेजारी बसलेला असावा, असं मनापासून वाटतं.