ज्योत्स्ना भट्ट : घाट आणि संयम

मृत्तिकाकलेचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा एक सोयीस्कर विभागणी करते : वापरायचे ते भांडे, पाहायचे ते शिल्प. ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांच्या कलाकृतींपुढे ही विभागणी टिकत नाही. कच्छमधील मांडवी येथे जन्मलेल्या ज्योत्स्नाबेन मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बडोद्याला गेल्या, तेथे शंखो चौधुरी यांच्याकडे शिल्पकला शिकल्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मृत्तिकाकलेचा अभ्यास करून परतल्या. चाकावर बसल्यावरही त्यांच्यातील शिल्पकार जागा राहिला.

त्यांची मांजरे पाहावीत. तपशिलांचा सोस नाही. पाठीच्या एका वळणातच त्या प्राण्याची सावध विश्रांती साकार होते. जाड, भरीव माती भट्टीत तडकते. म्हणून असे शिल्पही भांड्याप्रमाणे आतून पोकळ ठेवावे लागते. म्हणजे येथे शिल्पाच्या मुळाशी भांड्याचेच तत्त्व असते. झिलईही मंद, चकाकी टाळणारी. त्यामुळे नजर पृष्ठभागावरून न घसरता घाटावर स्थिरावते.

ही शिल्पे 'लोभस' म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. पण तो लोभसपणा कठोर निवडीतून आलेला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात २००२ पर्यंत, सुमारे तीन दशके त्यांनी अध्यापन केले. भट्टीचे दार बंद झाल्यावर घडवणाऱ्याचा हात थांबतो, उरलेले काम अग्नी करतो. घडवावे आणि योग्य वेळी हात काढून घ्यावा, हा या माध्यमाचा धडा शिक्षकालाही लागू पडतो. आधुनिक भारतीय शिल्पकलेच्या इतिहासात या संयमाची नोंद व्हायला हवी.