प्रक्षेपाचा अधिकार : भूमिकाखेळांतील स्वतंत्र रचना

संहितेत मागाहून शिरलेल्या मजकुराला पाठचिकित्सा ‘प्रक्षेप’ म्हणते आणि तो वेगळा काढणे हे संपादकाचे कर्तव्य मानते. एक रचनाप्रकार मात्र असा आहे की, ज्यात प्रक्षेप हा दोष नसून वाचनाचीच रीत आहे. टेबलाभोवती बसून, संवादाने आणि फाशांच्या कौलाने कथा घडवणारे भूमिकाखेळ, म्हणजे ‘रोल-प्लेइंग गेम’, हा तो प्रकार होय. खेळणाऱ्यांनी स्वतः रचलेल्या नियमांना, प्रदेशांना आणि साहसांना तेथे ‘होमब्रू’ म्हणतात. या रचनेचा अर्धशतकाचा प्रवास पाहता कर्तृत्वाचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. आर्नेसन यांनी मिनेसोटात आपल्या खेळगड्यांसाठी रचलेल्या ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशात त्याची बीजे होती. म्हणजे या परंपरेचा आद्यग्रंथच घरगुती रचनेतून जन्मला. पुस्तिका त्रोटक होत्या, अनेक ठिकाणी संदिग्धही होत्या. परंतु ही अपूर्णताच फलदायी ठरली. जे नियमांत नव्हते, ते वाचकाला लिहावे लागले. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात सभासद आपापले लेखन पाठवीत आणि एकमेकांच्या नियमांची चिकित्सा करीत. त्याच वर्षी फीनिक्सच्या केन सेंट आंद्रे यांनी, मूळ नियम दुर्बोध वाटल्यामुळे, ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा वेगळाच खेळ लिहिला. स्टीव्ह पेरिन यांचे युद्धप्रसंगांविषयीचे घरचे नियम १९७६ मध्ये प्रसृत झाले आणि त्या वाटेने १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ अवतरला. समासातील टीप, मग भाष्य आणि अखेर स्वतंत्र ग्रंथ, असा हा क्रम आहे.

या पहिल्या पर्वाचा गुण म्हणजे उत्साह आणि दोष म्हणजे संचयवृत्ती. डेव्ह हारग्रेव्ह यांच्या ‘आर्डुइन ग्रिमॉयर’ (१९७७) मध्ये मंत्र, राक्षस आणि तक्ते यांची रेलचेल आहे. त्यांना बांधणारे सूत्र मात्र हाती लागत नाही. भर घालणे म्हणजेच निर्मिती, असा समज त्यामागे दिसतो.

हा समज पुढच्या पर्वात मोडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी रॉन एडवर्ड्स प्रभृती स्वतंत्र रचनाकारांनी नियमच आशय घडवतात, ही भूमिका आग्रहाने मांडली. अ‍ॅव्हरी आल्डर यांचा ‘द क्वायट इयर’ (२०१३) हे तिचे उत्तम उदाहरण. येथे नायक नाही, फाशांचा कौलही नाही; आहे तो पत्त्यांचा जोड, एक कोरा कागद आणि विनाशातून सावरणारी वस्ती. पत्त्यागणिक एक आठवडा सरतो आणि कागदावरचा नकाशा भरत जातो. चर्चेत प्रत्येकाने एकदाच, थोडक्यात बोलायचे. चर्चेतून निर्णय मात्र निघत नाही. ज्याला आपली उपेक्षा झाली असे वाटते, त्याने मुकाट्याने तिरस्काराची एक सोंगटी उचलायची. सामुदायिक जीवनातील अबोल सल येथे कोणी वर्णन करून सांगत नाही. नियमच तो जाणवून देतो. आशय आणि रूप यांचे अद्वैत याहून वेगळे ते काय?

तथापि, या स्वातंत्र्याचा पाया कायम निर्वेध राहिला नाही. अमेरिकी कायद्यात खेळाची पद्धती स्वामित्वहक्काच्या कक्षेत येत नाही. ती मांडणारे शब्द येतात. ही सीमारेषा धूसर असल्याने छोटा प्रकाशक भयग्रस्त असे. २००० मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशनसंस्थेने खुला परवाना देऊन हे भय पुष्कळसे दूर केले. परंतु दिलेले परत मागता येते, ही शंका २०२३ च्या जानेवारीत खरी होऊ पाहत होती. जुना परवाना निष्प्रभ ठरवू पाहणारा मसुदा बाहेर फुटला. तीव्र विरोध झाला. आणि त्याच महिन्यात संस्थेने मूळ नियमांचा संदर्भपाठ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली मुक्त केला. विजय रचनाकारांचा झाला खरा. पण जो अधिकार प्रत्यक्षात आरंभापासून त्यांच्याकडे होता, तो त्यांना दान म्हणून स्वीकारावा लागला, हेही विसरता येत नाही.

नाटकाची संहिता प्रयोगानंतरही उरते. भूमिकाखेळाचे मात्र तसे नाही : त्याची छापील संहिता अपुरी असते आणि पूर्ण झालेली कथा त्या संध्याकाळीच विरून जाते. मागे उरतात त्या खाडाखोडीच्या वह्या, हाताने काढलेले नकाशे आणि समासातील दुरुस्त्या. मूळ ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीइतकेच या कागदांनाही जेव्हा ग्रंथालयाच्या फडताळात स्थान मिळेल, तेव्हाच या वाङ्मयाचा इतिहास खऱ्या अर्थाने लिहिता येईल. कारण येथे प्रक्षेप वगळला, तर पाठच शिल्लक राहत नाही.