सिंहस्थातले निनावी चेहरे

नाशिकच्या सिंहस्थाने छायाचित्रकारांना असंख्य चेहरे दिले, पण त्यांतून उभी राहिलेली व्यक्तिचित्रं फार थोडी. २०१५ च्या पर्वण्यांचे फोटो आज चाळले तर तेच ते दिसतं: भस्म फासलेलं अंग, जटा, चिलमीचा धूर, पाण्यातून उसळी मारून वर आलेलं डोकं. शैव आखाड्यांचं स्नान त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर होतं, तर निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर या वैष्णव अनी आखाड्यांचं पंचवटीत रामकुंडावर. एवढा मोठा फरकही ‘नाशिक कुंभमेळा’ या एका ओळीखाली पुसला जातो. ज्या फोटोत समोरच्याचा पंथसुद्धा उरत नाही, त्यात माणूस कसा उरेल? लांबून टेलिलेन्सने टिपलेला, नाव-गाव न विचारलेला चेहरा नुसता नमुना होऊन बसतो. व्यक्तिचित्रणाची कला आज दुबळी झाली आहे ती याच ठिकाणी, असं मला ठामपणे वाटतं.

नाव-गाव विचारण्यावरचा पहिला आक्षेप नेहमीचा आहे: विचारलं की माणूस सावध होतो, चेहऱ्यावरचा सहजपणा जातो. त्यात तथ्य आहे. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवासी टिपले. ती चित्रं अव्वल आहेत. मात्र त्यांचं पुस्तक निघायला १९६६ उजाडलं. मधल्या वर्षांनी त्या प्रवाशांना एक आडोसा दिला. आजचा फोटो, स्नान करणारा घाटाच्या पायऱ्या चढून येईपर्यंत हजारो मोबाइलवर पोचलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्यात माळा विकायला आलेल्या एका मुलीच्या डोळ्यांचे व्हिडिओ पसरले, कॅमेरेवाल्यांचा गराडा पडला आणि तिला धंदा सोडून मेळ्यातून परतावं लागलं. सहजपणाची किंमत कोण मोजतं, हे त्यातून पुरेसं स्पष्ट होतं.

दुसरा आक्षेप कायद्याचा. सार्वजनिक जागी आलेल्याने कॅमेऱ्याबद्दल तक्रार करू नये, असं म्हणतात. टाइम्स स्क्वेअरवर छायाचित्रकार फिलिप-लोर्का डिकोर्सियाने नकळत टिपलेल्या एका ज्यू गृहस्थाने धार्मिक कारणावरून हरकत घेतली, तीही २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात टिकली नाही. पण रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात, मुंडन करतात, पिंडदान करतात, ओलेत्याने काठावर उभे राहतात. हे सगळं उघड्यावर होतं, कारण विधी नदीकाठचे आहेत. त्यातून कोणी प्रेक्षकांना आमंत्रण दिलेलं नसतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क घाटाच्या पहिल्या पायरीशी संपतो, असं मानायला मी तयार नाही.

याच रामकुंडाच्या परिसरात तीर्थपुरोहितांच्या वह्या आहेत. अनोळखी यजमान आला की त्याचं नाव, गाव, कुळ लिहून घेतलं जातं आणि काही पिढ्यांनी आलेल्या वंशजाला पूर्वजांची नोंद सापडते. अनोळखी माणसाची दखल घेण्याची ही रीत गोदाकाठी कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि छायाचित्रकारांनी ती उचलायला हवी. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांमध्ये वर्षानुवर्षं राहून केलेलं काम वेगळं उठून दिसतं ते या दखल घेण्यामुळेच. बातमीच्या फोटोग्राफरला एवढी सवड नसते हे खरं. शाही मिरवणुकीच्या रेट्यात कोणी वही काढून बसणार नाही. पण मेळा मिरवणुकीपुरता नसतो. तपोवनातल्या साधुग्राममध्ये चुली पेटतात, यात्रेकरू तासन्‌तास बसून असतात. तिथे दोन वाक्यं बोलायला कोणाची आडकाठी आहे? नाव नोंदवल्याने खासगीपणा आणखी धोक्यात येईल, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून नोंद फोटोग्राफरच्या संग्रहात राहावी आणि चित्राखाली छापायचं की नाही ते त्या माणसाने ठरवावं. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मेळा २०२७ मध्ये भरात येईल. नाशिकच्या छायाचित्रकार मंडळींना ही पद्धत आपसात ठरवायला तोवरचा वेळ आहे.