ज्ञानदेवांनी पाहिलेलं बोळकं

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष डोळ्यांपुढे ठेवणं हे त्यांतलंच एक. म्हातारपणाच्या वाट्याला मूळ श्लोकात ‘जरा’ एवढा एक शब्द येतो. ज्ञानेश्वरीत मात्र त्या शब्दातून एक अख्खं शरीर उभं राहतं आणि आपल्या डोळ्यांदेखत खचत जातं. ग्रंथ पुरा झाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात. परंपरेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ चा धरला, तर तेव्हा त्यांचं वय पंधरा. त्या वयात अक्कलदाढसुद्धा आलेली नसते.

मी हा भाग तरुणपणी वाचला होता. तोंडात कवळी आल्यावर तो पुन्हा काढला आणि दातांच्या ओव्यांवर थांबलो. इतकं नेमकं पाहणारा डोळा त्याआधी माझ्या लक्षातच आला नव्हता.

इथे बोलणारा माणूस तरुण आहे आणि स्वतःच्याच शरीराकडे पाहतो आहे. आज जे मिरवतो त्याचं उद्या काय होणार, हे एकेका अवयवाला हात लावून तो स्वतःला सांगतो. कमळाच्या पाकळ्यांशी बरोबरी करणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील. चेहरा सरड्यांनी बरबटलेल्या बाभळीच्या खोडासारखा दिसेल. मग तोंडाची पाळी येते आणि कवी क्षणभर मऊ होतो. विड्यानं ओठ रंगवावेत, हसताना दात दिसावेत, नागर माणसासारखं बोलून मिरवावं, अशी त्या तोंडाची हौस तो एका ओवीत सांगतो. लगेच पुढच्या ओवीत त्याच तोंडाला कफाचा लोंढा येतो आणि दाढा दातांसकट उन्मळून पडतात. दोन ओव्यांमध्ये एका रात्रीचं अंतर आहे.

प्रत्यक्षात दात असे एका रात्रीत जात नाहीत. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षं मुळांभोवतीचं हाड खात राहतो, एक दाढ हलते, ती काढतात, मग शेजारची कलते. ही सगळी वर्षं कवीनं एका लोंढ्यात आणली. वैद्यकाच्या हिशेबात हे बसत नसलं, तरी सगळे दात गेलेल्या माणसाला आठवण येते ती अशीच एकदम. कोणती दाढ कोणत्या साली काढली हे विसरायला होतं. राहतं ते दातांनी भरलेलं तोंड आणि त्यानंतरचं बोळकं.

त्या पहिल्या ओवीत आणखी एक गोष्ट आहे. दातांचं काम म्हणून आपण आधी चावणं सांगू. इथे मात्र भाकरी नाही, ऊस नाही, जेवणच नाही. विडा आहे, पण तोही ओठांच्या रंगासाठी. ज्ञानदेवांना दात दिसतात ते हसण्यात आणि बोलण्यात. कवळी करायला निघालेल्या माणसाला सगळे विचारतात, ‘आता काय काय खाता येईल?’ तोही डॉक्टरांना पहिल्यांदा हेच विचारतो. खुर्चीत बसल्यावर मात्र काम या ओवीच्या क्रमानं चालतं.

कामोठ्याचं एमजीएम आणि खारघरचं येरळा ही दंत महाविद्यालयं आमच्या पनवेल तालुक्यातच आहेत, आणि पनवेल शहरात दवाखानेही पुष्कळ आहेत. पद्धत सगळीकडे साधारण एकच. हिरड्यांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात, मेणाचे कठडे तोंडात ठेवून वरचा आणि खालचा जबडा कुठे मिळतो ते ठरवतात. मग मेणात दात लावून ट्रायल होते. ती या सगळ्यातली मोलाची बैठक. ओठ मिटल्यावर कसे दिसतात, हसताना दात किती दिसतात, डॉक्टर पाहतात. मग बोलायला लावतात. साठाच्या पुढचे आकडे म्हणायला सांगतात, कारण एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना स आणि ष नीट सुटतात की शिट्टी वाजते ते लगेच कळतं. वरचे आणि खालचे दात बोलताना एकमेकांवर आपटत असतील, तर कवळीची उंची जास्त झाली आहे. फ आणि व म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे टेकते, यावरून त्या दातांची लांबी तपासतात. ओठ, हसू, बोलणं हीच तिथली परीक्षा. मेण आहे तोवर दात हलवता येतात. ॲक्रिलिकमध्ये शिजल्यावर तसे येत नाहीत. म्हणून या बैठकीला घरचं माणूस बरोबर न्यावं आणि लाजून गप्प न बसता भरपूर बोलावं, असं मी कळकळीनं सांगतो.

दातांनंतर ज्ञानदेव जिभेकडे वळतात. कर्जात रुतलेला कुणबी, पावसात बसकण मारलेली गुरं; काही केलं तरी उठत नाहीत, तशी ही जीभ होईल म्हणतात. हा दृष्टान्त मला या सगळ्या भागात सर्वांत करुण वाटतो. डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या उपमांत रूप गेल्याचं दुःख आहे. जिभेच्या उपमेत एक घर आहे, त्याची शेती आहे आणि हतबलता आहे. दातांच्या पाठोपाठ जीभच का, हेही कवळी वापरू लागल्यावर समजतं. वरची कवळी टाळूला धरून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही, घोड्याच्या नालेसारखा अरुंद आधार तेवढा आहे, आणि मधोमध जीभ सतत हलते. ही जीभच सुरुवातीला खालची कवळी उचलून टाकते आणि पुढे तीच तिला दाबून धरायला शिकते. त्यासाठी बोलत राहावं लागतं, आणि मोठ्यानं वाचण्यासारखा दुसरा सराव नाही. ओवी त्याला फार चांगली: लहान चरण, पहिल्या तिन्हींच्या शेवटी यमकाचा विसावा.

मग लाळ. आषाढातल्या पावसानं डोंगरमाथे झिरपावेत, तसे दातांच्या खिंडारांतून लाळेचे पूर वाहतील, असं ज्ञानदेव म्हणतात. पनवेलकराला ही उपमा समजावून सांगायला नको. पूर्वेला प्रबळगड, त्याच्यामागे माथेरानचा डोंगर. आषाढात ढग जरा वर सरकले की त्या काळ्या कड्यांवर पांढऱ्या धारा दिसू लागतात, कुठे सरळ, कुठे खडकाआड हरवून खाली पुन्हा निघालेल्या, आणि पुढे गाढी नदी गढूळ होऊन फुगते. म्हाताऱ्या माणसाच्या गळणाऱ्या लाळेसाठी कुणी हा देखावा निवडेल असं वाटत नाही. लाळ किळसवाणी, डोंगर भव्य. मुलानं आजोबांचं तोंड पुसावं आणि त्यात त्याला सह्याद्री दिसावा, इतकी ही दृष्टी निराळी आहे. कवीनं घृणा दाखवायची म्हणून उपमा शोधली असती, तर गटार सापडलं असतं. त्याला आषाढ सापडला.

नवी कवळी तोंडात बसली की पहिले काही दिवस असाच पूर येतो. तोंडाला ती खाण्याचा घास वाटते आणि ग्रंथी लाळ सोडत राहतात. माणूस घाबरतो, कवळी काढून ठेवतो. काढू नये; थोड्या दिवसांत ते आपोआप ओसरतं. नंतर उलट गोष्ट उमगते. वरची कवळी टाळूला चिकटते ती मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे. औषधांमुळे किंवा किरणोपचारांमुळे ज्यांचं तोंड कोरडं पडतं, त्यांची कवळी सारखी सुटते. ज्ञानदेवांनी जराजर्जर तोंडाची खूण म्हणून सांगितलेलं पाणीच दात धरून ठेवतं. हे त्यांना अभिप्रेत नव्हतं, पण ही ओवी मला आता या माहितीशिवाय वाचता येत नाही.

या भागाला बीभत्स रसाचं उदाहरण म्हटलं जातं. उद्देश वैराग्याचा आहे, हे उघडच आहे. तरी बीभत्साला लागते ती जुगुप्सा, आणि जुगुप्सा तोंड फिरवते. इथे कवी तोंड फिरवत नाही, जवळ जाऊन पाहतो. विड्यानं रंगलेल्या ओठांचं सुख ज्याला कळलं, त्यालाच ते गेल्याची ओवी लिहिता येते. माझ्या मते इथला रस करुण आहे. आणि बोळक्यानं जुगुप्साच वाटते असंही नाही. गांधीजी कवळी जेवणापुरती लावत आणि एरवी काढून ठेवत. त्यांचं ते दातांविना हसू छायाचित्रांतून देशानं मनापासून जपलं. बोळकं पाहून प्रेम वाटू शकतं, याला आणखी पुरावा नको.

खाण्याविषयी थोडं सांगतो, कारण विचारणारे विचारतातच. सुरुवात मऊ भात-वरणानं करावी, घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावा, म्हणजे कवळी एका अंगाला उचलली जात नाही. पुढच्या दातांनी काही तोडू नये. वालाचं बिरडं, ताज्या तांदळाची मऊ भाकरी जमते, थंडीतली पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, याही जमतात; सोलून दाणे तोंडात टाकावेत. टाळू झाकलेली असल्यामुळे चहा किती कढत आहे ते तिथे कळत नाही, तेवढं जपावं. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षी सर्वांत भरभर आणि खाली वरच्यापेक्षा जास्त. म्हणून काही वर्षांनी कवळी सैल होते, आणि तिचा तळ आतून पुन्हा भरून घ्यावा लागतो.

ज्ञानदेव तोंडापाशी थांबत नाहीत. वाचा अडखळते, कान बंद होतात, आणि शेतातल्या गवताच्या बुजगावण्यासारखं सगळं अंग वाऱ्यानं कापू लागतं. त्या ओवीशी आलो की मला हात दिसतात. कवळी रोज रात्री काढायची असते, मऊ ब्रशनं साध्या साबणानं धुवायची असते, थंड पाण्यात ठेवायची असते. कढत पाण्यात तिचा आकार बिघडतो. कापऱ्या हातातून ती निसटली तर बेसिनवर पडून दुभंगते. म्हणून बेसिनमध्ये पाणी भरून घ्यावं किंवा घडी घातलेला टॉवेल अंथरावा. आणि हात फारच कापत असतील, तर हे काम सुनेनं, मुलानं किंवा नातवानं करावं, न मागता.