फासा पडेल तो डाव

'फासा पडेल तो डाव व राजा बोलेल तो न्याय' या आपल्या जुन्या म्हणींत दोन निरनिराळ्या सत्ता शेजारीं बसविल्या आहेत. फाशास राजाची भीड नसते आणि राजास फाशाची गरज नसते. परंतु ज्या खेळांत फासा राजाच्याच हातीं असतो, आणि तोहि पडद्याआड, त्या खेळांत न्याय कोणता समजावा? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाचीं मार्गदर्शक पुस्तकें वाचतांना हा प्रश्न आमच्यापुढें वारंवार उभा राहिला.

ज्यांच्या घरांतील तरुण मंडळी हा खेळ खेळतात त्यांस त्याची ओळख नको. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. चारपांच जण मेजाभोंवतीं बसून एकेका वीराची भूमिका घेतात. एक जण 'डंजन मास्टर', म्हणजे आपल्या भाषेंत सूत्रधार, होतो. भुयारें, राक्षस, वाटसरू ही सारी सृष्टि त्याच्या तोंडून उभी राहते. आपण काय करणार तें खेळाडूनें सांगावें, आणि यशाची खात्री नसेल तेथें फासे टाकावे. महिनोन्महिने वाढविलेला वीर यामुळें एका फाशानें मरूं शकतो, आणि नियम वांकविण्याचा मोह सूत्रधारास होतो तो बहुधा त्याच क्षणीं.

गायगॅक्स यांनीं १९७९ च्या आपल्या मार्गदर्शकांत या क्षणाचा जो विचार केला आहे तो आम्हांस फार समंजस वाटतो. सर्व खबरदारी घेतली असतांहि केवळ विपरीत फाशानें वीर मरत असेल तर सामान्यतः तें होऊं द्यावें, कारण असेच फासे पुढें त्याच्या शत्रूंसहि मारतील. तथापि सूत्रधारास मध्यें पडण्याचा अधिकार आहे: मरणाऐवजीं वीर बेशुद्ध पडावा, त्याचा एखादा अवयव किंवा एक डोळा जावा. मूर्खपणानें मरत असेल तर मात्र फाशास हात लावूं नये. येथें नियम वांकला खरा, पण घाव रद्द झाला नाहीं. त्याची किंमत तेवढी बदलली, आणि ती सर्वांस दिसते.

याउलट २०१४ च्या पांचव्या आवृत्तीचें मार्गदर्शक. सूत्रधारापुढें पुठ्ठ्याचा आडपडदा असतो. त्यामागें फासे टाकले म्हणजे फळ बदलतां येतें. लागोपाठ दोन जबर घावांनीं वीर मरत असेल तर दुसरा घाव साधा करावा, नाहींतर चुकविलाच, असें हें पुस्तक सुचवितें. पुढें दोन इशारे आहेत. असें वारंवार करूं नये, आणि केलें तें कळूं देऊं नये. एरवीं खरा धोका नाहीं किंवा सूत्रधार पक्षपाती आहे असें खेळाडूंस वाटेल. वाटेल कशाला? तेवढ्यापुरतें तें खरेंच असतें! जी दया लपविल्यावांचून टिकत नाहीं तिच्याबद्दल आम्हांस संशय आहे.

समजा, सोबत्यांस पळतां यावें म्हणून एक खेळाडू पुलाच्या तोंडाशीं एकटा उभा राहतो. औषधाची शेवटची कुपी त्यानें आधींच दुसऱ्यास दिलेली आहे. आपला वीर मरणार हें तो जाणतो. आडपडद्यामागें मारक फासा पडतो, आणि सूत्रधार म्हणतो, "घाव हुकला." वीर वांचला, पण पुलावर उभें राहणें आणि पळून जाणें यांत आतां भेद काय उरला? बिचाऱ्यास तें ठाऊकहि नाहीं. घरीं जाऊन तो आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगेल, आणि ती खोटी असेल. आम्हांस हें त्या वीराच्या मरणाहून अधिक दुःखद वाटतें.

पंचास इतकें बांधलें तर खेळ यांत्रिक होईल, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप जुना व वजनदार आहे. राइसविट्झ यांनीं १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यासाठीं सिद्ध केलेला युद्धखेळ फासे व कोष्टकें यांवर चाले. १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनीं तीं बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवावी असें सुचविलें. पण तेथें निर्णय पंचाचा आहे हें सर्वांस ठाऊक असे; तो फाशाच्या नांवावर खपविला जात नसे. २०१० सालीं निघालेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळांत तर सूत्रधार फासे टाकीतच नाहीं, मग लपविणार काय?

नियम वांकवावा लागतोच. झुंबरास लोंबकळून राक्षसाच्या पाठीवर उडी मारूं म्हणणाऱ्या मुलास 'पुस्तकांत नाहीं' असें सांगणारा सूत्रधार आम्हांस कारकून वाटतो. उडी किती अवघड आहे व चुकली तर काय होईल तें त्यानें आधीं सांगावें, आणि मग फासा टाकूं द्यावा. आज ही उडी चालली तर उद्यां शत्रूसहि चालेल, हेंहि त्याच वेळीं ठरावें. मेंढीकोटांत हुकूम ठरविण्याच्या रीती घरोघर निराळ्या असतात. पाहुण्यास त्या पानें वाटण्यापूर्वीं विचारतात, शेवटचा हात पडल्यावर नव्हे. नियम तोंडपाठ असलेला एखादा वितंडवादी खेळाडू मेजावर असतोच (तो नसला तर बैठक फिकी वाटते), पण आधीं सांगितलेल्या फेरफारावर त्याचीहि तक्रार फार लांबत नाहीं. आणि जें फळ आपणांस नकोच आहे त्यासाठीं फासा मुळीं टाकूंच नये.

लहान मुलांच्या बाबतींत हें कठोर वाटेल. आठ वर्षांच्या मुलीचा वीर मारावा काय? मारूं नये, पण त्यासाठीं पडद्याआड फासा फिरविण्याचें कारण नाहीं. या खेळांत कोणी मरत नाहीं, हरलेला वीर शत्रूच्या कोठडींत जागा होतो, असें पहिल्याच दिवशीं सांगून टाकावें. फासा पडण्याच्या आधींच ती मुलगी कोठडीच्या कुलपाची चौकशी करूं लागेल.