फळदिवस, मूळदिवस आणि मृगाचं वाहन

'व्हेन वाइन टेस्ट्स बेस्ट' ही खिशात मावेल एवढी इंग्रजी पुस्तिका दरवर्षी निघते. एडिनबरोची फ्लोरिस बुक्स ही संस्था ती काढते, सोबत अ‍ॅपही आहे. आत वाचायला फारसं काही नाही. वर्षभराच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे चारपैकी एक खूण: मूळ, पान, फूल किंवा फळ. फळदिवशी आणि फूलदिवशी वाइन खुलते, पानदिवशी आणि मूळदिवशी ती मिटून बसते, असा दावा. महागाची बाटली असेल तर मूळदिवशी तिला हात लावू नये.

खूण ठरते चंद्रावरून. तो मेष, सिंह, धनु या अग्निराशींत असला की फळदिवस. मिथुन, तूळ, कुंभ या वायुराशींत फूलदिवस. कर्क, वृश्चिक, मीन या जलराशींत पानदिवस. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीराशींत मूळदिवस. चंद्र राहू-केतूच्या बिंदूंवर आला की ते तास वर्ज्य. लंडनच्या वाइन बारमध्ये ज्याला 'बायोडायनॅमिक कॅलेंडर' म्हणतात, ते भिंतीवर पंचांग टांगलेल्या कुठल्याही मराठी घरातल्या आजीला दोन मिनिटांत समजेल. मग ती विचारेल, "यात नवीन काय?"

नवीन एवढंच की इथे चंद्र शेतातून निघून ग्लासात उतरलाय. हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. जून १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबरविट्झ इथे (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये) शेतीवर आठ व्याख्यानं दिली. रासायनिक खतांनी जमिनीचं काय होतंय, या काळजीत असलेले शेतकरी समोर होते. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरायचं, मग पाण्यात घुसळून शेतावर शिंपडायचं, ही रीत तिथली. मूळ-पान-फूल-फळ ही दिवसांची वाटणी मात्र त्या व्याख्यानांत नाही. ती मारिया थुन (१९२२-२०१२) या जर्मन बाईंची. १९५० च्या दशकात वेगवेगळ्या दिवशी मुळे पेरून रोपांत फरक दिसतो का, हे त्या स्वतः पाहत होत्या. पेरणीचं हे वेळापत्रक पुढे पिण्याचा मुहूर्त झालं. २००९ पर्यंत ब्रिटनमधली टेस्को आणि मार्क्स अँड स्पेन्सर ही दुकानं समीक्षकांना आपली वाइन चाखायला बोलावताना हे कॅलेंडर बघायला लागली होती.

शेतातल्या भागाला मी हसणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी-शेजारी करून तुलना चालू आहे. तिथे उत्पन्न घटलं, पण खतांचा खर्चही घटला आणि मातीतलं जिवंतपण वाढलं. शेणखत, कंपोस्ट आणि पिकांची फेरपालट यांनी माती सुधारते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. बर्गंडीतल्या रोमाने-कोंतीसारख्या नामवंत बागा ही पद्धत वापरतात, आणि त्यांची वाइन उत्तम असते. पण जो माणूस शिंगातलं शेण तासभर घुसळतो, तो वेलीकडेही रोज बघतोच. त्या बघण्याचं श्रेय चंद्राला द्यायचं की माणसाला?

ग्लासातला दावा वेगळा आहे, आणि तो तपासता येतो. न्यूझीलंडमध्ये वेंडी पार आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. निबंध जानेवारी २०१७ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आला. वाइनच्या धंद्यातले १९ जाणकार, १२ पिनो न्वार वाइन. त्याच वाइन फळदिवशीही चाखायला दिल्या आणि मूळदिवशीही. कुठली वाइन आहे ते सांगितलं नाही, आणि प्रयोग कॅलेंडरचा आहे हेही नाही. दिवसाप्रमाणे गुण बदलल्याचं आढळलं नाही. माणसं १९ च होती, द्राक्षाची जात एकच होती, पानदिवस-फूलदिवस त्यात नव्हते. या मर्यादा मान्य. पण दावा 'कधीतरी किंचित फरक पडतो' असा असता, तर त्यावर बाटली उघडायच्या तारखा छापता आल्या नसत्या.

इथे कोणी हमखास भरती-ओहोटी काढतं: चंद्र समुद्र हलवतो, तर बाटली का नाही? भरती ठरते ती चंद्राचं अंतर आणि सूर्याच्या तुलनेत त्याची जागा यांवरून. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं ते म्हणून. चंद्रामागे मेष आहे की वृषभ, याच्याशी समुद्राला देणंघेणं नाही, आणि फळदिवस तर नेमका त्यावरच ठरतो. म्हणजे पुरावा एका दाव्याचा, विक्री दुसऱ्याची.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेला लगेच खुपते: व्याख्याच पक्की नाही. थुनबाई आकाशातले तारकासमूह दिसतात तसे, लहान-मोठे धरतात. त्यामुळे चंद्र कन्येत जास्त रेंगाळतो आणि तुळेतून लवकर निघतो. आपलं पंचांग राशींचे सारखे बारा भाग करतं. पाश्चात्त्य ज्योतिष तेच बारा भाग सुमारे २४ अंश सरकवून मोजतं. एकाच संध्याकाळी, एकाच चंद्राखाली, एक पद्धत फळदिवस सांगेल आणि दुसरी मूळदिवस. जीभ यातल्या कोणाचं ऐकणार?

मग सगळीच कॅलेंडरं फेकायची? नाही, आणि याचं उत्तर मला वाइनपेक्षा पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात जास्त स्पष्ट दिसतं. भोकरदन तालुक्यातलं हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. इथे वाइनचा कोणाला पत्ता नाही, पण मृग कधी निघतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो. पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं आहेत, आणि ऋतू सूर्यामुळेच होतात. मृग म्हणजे जूनचा दुसरा आठवडा, म्हणजे मॉन्सून दाराशी आल्याची वेळ. ज्यांच्या हातात छापील तारीख नव्हती त्यांच्यासाठी हे आकाशातलं कॅलेंडर होतं, आणि ते कामाचं होतं.

पण पंचांगात त्याच ओळीत मृगाचं वाहनही असतं. सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं, बाकी उरेल ते वाहन: हत्ती, बेडूक, म्हैस असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असेल तर कमी. या हिशेबात चंद्र आला आणि ऋतू बाहेर गेला. वाहन एकच निघतं, कोकणालाही तेच आणि जालन्यालाही तेच. एका ओळीत दोन गोष्टी छापलेल्या: एक शतकांच्या निरीक्षणातून आलेली, दुसरी भागाकाराच्या बाकीतून. अक्षरं सारख्याच आकाराची, शाई तीच. दोन्हीला आपण 'परंपरा' म्हणतो, आणि तिथेच गफलत होते. फळदिवस हा वाइनचा वाहन-विभाग आहे.

द्राक्षाच्या वेलीलाही हाच फरक लागू होतो. युरोपात वेल थंडीत झोपते आणि वसंतात उठते. महाराष्ट्रात ती झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून शेतकरी तिचं वर्ष स्वतःच्या कात्रीने आखतो. जालना जिल्ह्यातल्याच कडवंचीत शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथे छाटणीची तारीख ठरवायची तर पाणी, मजूर, परतीचा पाऊस आणि डाऊनीची भीती यांचा हिशेब घालावा लागतो. यातली प्रत्येक गोष्ट बघता येते, मोजता येते, आणि चुकली तर चुकली असं म्हणता येतं.

फळदिवसाबद्दल 'चुकलं' असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही. फळदिवशी वाइन चांगली लागली तर कॅलेंडर खरं. वाईट लागली तर बाटली खराब, ग्लास चुकीचा, वाइन गरम. मूळदिवशी चांगली लागली तर एवढी थोर वाइन की दिवसालाही जुमानली नाही. यात सगळ्यात स्वस्तात बळी जाते ती पिणाऱ्याची जीभ. तिने काहीही सांगितलं तरी शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

आणि दिवस निवडायची चैन कोणाची, हेही बघायला हवं. बाटली तळघरात थांबते. दुकानदार समीक्षकांना सोयीच्या तारखेला बोलावू शकतो. आज तोडलेली हिरवी मिरची आजच विकावी लागते. उद्या एखादा व्यापारी म्हणाला, "आज मूळदिवस, किलोमागे दोन रुपये कमी," तर शेतकऱ्याने काय करायचं? वाइन पिणाऱ्याची फार तर एक संध्याकाळ फुकट जाईल. मृगाचं वाहन हत्ती आहे म्हणून उसनवारीचं बियाणं घाईने टाकलं आणि पाऊस पुढे गेला, तर दुबार पेरणीचा खर्च घरावर येतो. दोन्हीकडे विचार करायची पद्धत एकच. किंमत मोजणारे वेगळे.

या पुस्तिकेची परीक्षा घ्यायला वाइनही लागत नाही. चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत बारा राशी फिरून येतो. तेवढे दिवस रोज घरच्या एकाच दह्याला, किंवा एकाच पुडीतल्या चहाला, दहापैकी गुण द्या. चंद्राची रास दुसऱ्या कोणाला तरी लिहून ठेवायला सांगा आणि महिना संपेपर्यंत तो कागद बघू नका. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. हा काही मोठा प्रयोग नाही, पण तुमच्या जिभेचं म्हणणं पुस्तिकेच्या आधी ऐकलं जाईल, एवढं नक्की.